अर्कर्टचा किल्ला बोटीतून दाखवू नका

महाराष्ट्रातून स्कॉटलंडची सहल काढणाऱ्या सर्व सहल कंपन्यांचे संचालक, कार्यक्रम आखणारी मंडळी आणि टूर मॅनेजर यांस,

स. न. वि. वि.

मागच्या वर्षी तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर आम्ही दोघं स्कॉटलंडला जाऊन आलो. कंपनीचं नाव सांगत नाही. जेवण चांगलं होतं, बस वेळेवर सुटायची, आणि माझी तक्रार एकट्या त्यांच्याबद्दल नाहीच. परत आल्यावर चार-पाच कंपन्यांची माहितीपत्रकं मागवून पाहिली, तर सगळ्यांची ओळ तीच: ‘लॉच नेस येथे बोटफेरी, जगप्रसिद्ध नेसी राक्षसाचा शोध, बोटीतून उर्कहार्ट किल्ल्याचे दर्शन.’

आधी तेवढं उच्चाराचं पाहा. ‘लॉच’ नाही, ‘लॉख’, म्हणजे सरोवर. इंग्रज माणसाची जीभ त्या ‘ख’पाशी अडते आणि तो ‘लॉक’ म्हणून मोकळा होतो. आपल्या मुळाक्षरांत ख दुसऱ्याच नंबरावर आहे, आपल्याला काय अडचण? आणि ‘उर्कहार्ट’ हे स्पेलिंग वाचून केलेलं आहे; तिथले लोक ‘अर्कर्ट’ म्हणतात. आमच्या मॅनेजरने एकदा घाईत ‘आर्काट’ म्हटलं, तेव्हा मागच्या सीटवरच्या निवृत्त इतिहास शिक्षकांनी दचकून तमिळनाडूतलं आर्काट गाजवणारा रॉबर्ट क्लाइव्ह इथे कुठून आला, असं विचारलं होतं.

तर त्या दिवशी काय झालं ते सांगते. बोट किल्ल्याखाली आली. पाण्यात घुसलेल्या खडकाळ नाकाडावर, काठापासून थेट वर चढत गेलेला पडका तट आणि टोकाला अर्धा उभा, अर्धा कोसळलेला उंच बुरूज. सगळे मोबाइल काढून उभे राहिले. माइकवरून आवाज आला, “डावीकडे किल्ला, तेराव्या शतकातला. आणि पाण्याकडे लक्ष ठेवा मंडळी, नेसी दिसली तर सहलीचे पैसे वसूल!” झालं, चाळीस माणसांनी किल्ल्याकडे पाठ फिरवली आणि पाण्याकडे बघत बसली. आमच्या ह्यांनी विचारलं, उतरायचं नाही का? उत्तर आलं, “काका, वर काही नाहीये, नुसत्या पडक्या भिंती आहेत.”

ज्या माणसाने उमेदीची तीस वर्षं शनिवार-रविवार राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड करत घालवली, त्याला तुम्ही पडक्या भिंतींची भीती घालता? उरलेला वेळ आम्ही दुकानात काढला. तिथे चौकड्यांची टोपी घातलेले हिरवे कापडी राक्षस होते. नातवासाठी एक घेतलाही.

यंदा मे महिन्यात भाचीकडे इन्व्हरनेसला राहायला गेलो, तेव्हा साधी लाल डब्यासारखी गावोगावची बस पकडून ड्रमनाड्रॉखिटला उतरलो आणि चालत किल्ल्यावर गेलो. सकाळी गेलो ते दुपार उलटल्यावर निघालो. हे पत्र त्या दिवसाचं आहे.

तुमच्या राक्षसाचंही आधी उरकून टाकते. सहाव्या शतकात आयर्लंडहून आलेला संत कोलंबा या भागात आला होता. त्याचं चरित्र आडोम्नान नावाच्या मठाधिपतीने सुमारे शंभर वर्षांनी लिहिलं. त्यात पाण्यातल्या एका श्वापदाला कोलंबाने दटावून परत पाठवल्याची गोष्ट आहे. माइकवर तीच सांगतात, फक्त ती नेस नदीतली आहे हे सांगत नाहीत, सरोवरातली नाही. आजची नेसी 1933 मधली. त्या सुमारास काठाने नवा रस्ता झाला, गाड्या धावू लागल्या आणि वर्तमानपत्रांना विषय मिळाला. 1934 चा तो लांब मानेचा प्रसिद्ध फोटो बनावट होता, हे 1994 मध्ये उघड झालं. पण त्याच आडोम्नानने त्याच पुस्तकात लिहिलेली दुसरी हकिकत कोणी सांगत नाही. कोलंबा ‘एअरखार्टदान’ नावाच्या जागी गेला, तिथे एमखाथ नावाचा पिक्ट, म्हणजे त्या मुलखातल्या जुन्या रहिवाशांपैकी, म्हातारा सरदार मरणाला टेकला होता, त्याला आणि त्याच्या मुलाला, विरोलेकला, त्याने बाप्तिस्मा दिला. एअरखार्टदान म्हणजेच अर्कर्ट. किल्ल्याच्या सर्वांत उंच टेकाडावर जुन्या तटाचे आगीने वितळून काचेसारखे झालेले दगड सापडले, आणि तिथे पाचव्या ते अकराव्या शतकांदरम्यान गढी असल्याचं निघालं. म्हणजे एमखाथचं घर बहुधा तिथेच. बोटीतून हे टेकाड दिसतं, पण नुसतं गवत दिसतं.

आता मालकांकडे येते. गड म्हटला की आपण पहिला प्रश्न विचारतो, कोणाचा? अर्कर्टला या प्रश्नाचं उत्तर द्यायला अर्धा तास लागतो.

1230 च्या आसपास राजा दुसरा अलेक्झांडर याने उत्तरेतलं एक बंड मोडलं आणि हा मुलूख आपल्या दरवाजाच्या मानकऱ्याला दिला. राजाच्या दारावर कोण येतं-जातं हे पाहण्याचं हे वंशपरंपरागत पद. त्यावरून घराण्याचं आडनावच ‘डरवर्ड’ पडलं, म्हणजे दाराचा राखणदार. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावं जशी पडली तशीच. पहिला दगडी किल्ला बांधला तो त्या घराण्यातल्या ॲलन डरवर्डने असं मानतात. 1275 मध्ये तो वारला आणि किल्ला कॉमिन घराण्याकडे गेला.

पुढची पन्नास वर्षं पाठ करायची म्हटली तर डोकं फिरतं. 1296 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने किल्ला घेतला आणि आपला किल्लेदार बसवला. 1297 मध्ये अँड्र्यू मरे या तरुण सरदाराने रात्री छापा घातला, तो फसला. हाच अँड्र्यू त्याच वर्षी स्टर्लिंगच्या पुलावर इंग्रजांविरुद्ध विल्यम वॉलेसच्या खांद्याला खांदा लावून जिंकला, पण वॉलेसचं नाव राहिलं आणि याचं मागे पडलं. तेवढ्यात किल्ला स्कॉट लोकांकडे परत आला. 1303 मध्ये एडवर्डने वेढा घालून पुन्हा घेतला. 1307 मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने घेतला. ब्रूस गेल्यावर 1330 च्या दशकात इंग्रज परत चालून आले, तेव्हा सर रॉबर्ट लॉडर या किल्लेदाराने तो सोडला नाही. 1342 च्या उन्हाळ्यात ब्रूसचा मुलगा, राजा दुसरा डेव्हिड, शिकारीसाठी इथे येऊन राहिला. इथे मुक्काम केलेला तो एकमेव राजा. पन्हाळ्याचा इतिहास ज्याने वाचलाय त्याला ही घे-दे ओळखीची वाटेल.

मग दीडशे वर्षं पश्चिमेकडच्या बेटांचे अधिपती मॅकडोनाल्ड आणि राजा यांच्यातली ओढाताण. 1395 च्या सुमारास मॅकडोनाल्डांनी किल्ला घेतला आणि पंधरा-एक वर्षं सोडला नाही. हा भाग मी भरभर सांगतेय, कारण पुढचा कागद मला फार आवडला.

1509 मध्ये राजा चौथा जेम्स याने किल्ला आणि सगळं खोरं फ्रूखीच्या जॉन ग्रँटला कायमचं दिलं. पण फुकट नाही. सनदेत अटी आहेत: बुरूज दुरुस्त करायचा, चुन्या-दगडाचा तट घालायचा, आत दिवाणखाना, खोली आणि स्वयंपाकघर बांधायचं, कोठी, पाव भाजायची भट्टी, मद्य गाळायची जागा, बैलांचा गोठा, धान्य वाळवायची भट्टी, कबुतरखाना आणि लाकडी कुंपणाची फळबाग करायची. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्या गडांवरची अंबरखान्याची, दारूखान्याची, सदरेची यादी आली. किल्ला म्हणजे तलवारी हे डोक्यातून काढून टाकायचं असेल तर ही सनद बसमध्ये वाचून दाखवा. धान्याची भट्टी आणि कबुतरखान्याची जोती अजून जागेवर आहेत, पाटी लावलेली आहे, वाकून पाहता येतात.

ग्रँटांनी बांधलंही. आज उभा दिसतो तो पाच मजली बुरूज त्यांच्याच नावाने ‘ग्रँट टॉवर’. पण शेजारी मॅकडोनाल्ड. 1545 च्या मोठ्या लुटीत त्यांनी खोऱ्यातून दोन हजार गुरं हाकून नेली, त्याशिवाय शेकडो शेळ्यामेंढ्या. किल्ल्यातलं सामान, तोफा, आणि दरवाजेसुद्धा उचलून नेले. दरवाजे! 1644 मध्ये लेडी मेरी ग्रँट इथे राहत असताना विरुद्ध धर्ममताच्या लोकांनी घुसून किल्ला लुटला आणि तिला बाहेर काढलं. तीन वर्षांनी मोजदाद झाली, तेव्हा आत जवळजवळ काहीच नव्हतं.

आणि आता तो प्रश्न, जो किल्ल्यावर गेल्यावर प्रत्येक मराठी माणूस विचारतो: पाडला कोणी?

आपल्याला उत्तर आधीच माहीत असतं, इंग्रजांनी. 1818 नंतर सह्याद्रीतल्या किती गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, ते आपण दर आठवड्याला त्या तुटक्या कड्यावरून चढताना पाहतो. तेव्हा दख्खनचा कारभार ज्याच्या हातात होता तो एल्फिन्स्टन स्कॉटिशच होता, हे जाता जाता.

अर्कर्ट मात्र शत्रूने पाडला नाही. 1688 मध्ये राजा सातवा जेम्स गादीवरून गेला, विल्यम आणि मेरी आले. जेम्सच्या बाजूचे ते जॅकोबाइट. ग्रँटांचा प्रमुख लुडोविक विल्यमच्या बाजूला गेला आणि त्याने आपली दोनशे माणसं किल्ल्यात ठेवली. पाचशे जॅकोबाइटांनी वेढा घातला. आत हत्यारं कमी होती, पण धान्य भरपूर होतं. किल्ला टिकला. 1690 मध्ये क्रॉमडेलला जॅकोबाइटांचा मोड झाला. मग 1692 मध्ये शेवटची शिबंदी निघाली, आणि निघताना तिने स्वतःच दरवाजाच्या दोन्ही बुरजांना दारू ठासून ते उडवले. का, तर आपण गेल्यावर शत्रूने येऊन बसू नये. वेढ्यात न पडलेला किल्ला वेढा उठल्यावर घरच्यांनी पाडला. त्या दिवशी उडालेल्या भिंतीचे अख्खेच्या अख्खे लोळे अजून दरवाजाशी पडून आहेत, कोणी हलवले नाहीत. मला हात लावल्याशिवाय राहवलं नाही. चुना दगडाइतकाच घट्ट झालाय, म्हणून तर भिंत फुटली नाही, गाठोड्यासारखी घरंगळली.

भरपाई म्हणून संसदेने ग्रँटला 2,000 पौंड मंजूर केले. दुरुस्ती काही झाली नाही. आजूबाजूच्यांनी दगड उपसून नेले. 1715 मध्ये वादळात ग्रँट टॉवरचा एक भाग कोसळला. बोटीतून जो अर्धा बुरूज दिसतो तो तोच. शेवटची मालकीण सीफील्डची उमराव विधवा कॅरोलाइन. तिचा मुलगा गेल्यावर 1884 मध्ये हे तिच्याकडे आलं होतं. 1911 मध्ये ती वारली. किल्ला सरकारच्या देखरेखीखाली द्यावा असं तिच्या मृत्युपत्रात होतं, आणि 1913 मध्ये तो तसा दिला गेला. ज्यांनी आपल्याकडच्या खासगी वाड्यांचे वारसाहक्काचे खटले पाहिले आहेत, त्यांनी या बाईला मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

आतापर्यंत ‘ग्रँट’ हा शब्द किती वेळा आला? मी ग्रँट रोडला लहानाची मोठी झाले. स्टेशनच्या पश्चिमेला आमची चाळ होती. ग्रँट कोण होता, हे मला ना शाळेत कोणी सांगितलं ना घरात. नावापुरता माणूस होता: सर रॉबर्ट ग्रँट, 1835 ते 1838 मुंबईचा गव्हर्नर. ग्रँट मेडिकल कॉलेजही त्याच्याच नावाचं. तो 1838 मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारला. रॉबर्टचा बाप चार्ल्स ग्रँट, जो पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, 1746 मध्ये लॉख नेसच्या उत्तर टोकाशी आल्डरीला जन्मला. आणि चार्ल्सचं घराणं शूग्लीच्या ग्रँटांचं. शूग्ली कुठे आहे? ग्लेन अर्कर्टमध्ये. किल्ल्याच्या पाठीमागे जे हिरवं खोरं दिसतं ना, त्यातच. त्या खोऱ्यातल्या गुरांसाठी मॅकडोनाल्ड येत होते.

गंमत म्हणजे कुळाचा प्रमुख सरकारच्या बाजूला राहिला, तरी चार्ल्सचा बाप त्याच 1746 साली कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांकडून लढला. म्हणजे ज्यांना अडवायला अर्कर्टचा दरवाजा उडवला त्यांच्याच बाजूने. भाऊबंदकी काय आपल्यालाच येते का? आणि दोन पिढ्यांत त्या हरलेल्या घरातला नातू मुंबईचा गव्हर्नर.

यात मिरवावं असं काही आहे असं मी म्हणत नाही. चार्ल्स ग्रँटने आपल्या समाजाबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचून राग येतो, आणि मिशनऱ्यांना भारताची दारं उघडावीत म्हणून तो वर्षानुवर्षं झटला. पण बसमध्ये मुंबईची निम्मी माणसं असतात. त्यांतले कित्येक रोज ग्रँट रोडवरून लोकल पकडत असतील. त्यांना “हे समोरचं खोरं म्हणजे तुमच्या ग्रँट रोडचं माहेर” असं कोणी सांगितलं, तर एकही मान पाण्याकडे वळणार नाही. एका वाक्याचा प्रश्न आहे. पेट्रोल लागत नाही. (सावधगिरी: सगळे ग्रँट एका घरचे समजू नका. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा सातारचा रेसिडेंट ग्रँट डफ बॅन्फचा. शिंदे म्हटलं की सगळे ग्वाल्हेरचे नसतात, तसंच.)

तुमच्या अडचणी मला कळतात. ग्लासगोहून किंवा एडिंबरोहून निघायचं, वाटेत ‘ग्लेन को’च्या दरीत थांबायचं, फोर्ट विल्यमला जेवायचं आणि रात्री मुक्कामाला परतायचं, तर दिवस बारा तासांचा होतो. चालकाचे तास ठरलेले असतात. किल्ल्याचं तिकीट वेगळं, आणि गाडीतळ लहान असल्यामुळे बसची जागा आधी ठरवावी लागते. रस्त्यापासून किल्ल्यापर्यंत उतार आहे आणि तोच परतताना चढ होतो, गुडघ्यांचा प्रश्न येतो. पण ज्यांना चढवत नाही त्यांना उपाहारगृहाच्या खिडकीतून सगळा किल्ला आणि पाणी दिसतं, तिथे चहा घेत बसता येतं. आणि बोटफेरी रद्द करा असं मी म्हणतच नाही. काही फेऱ्या किल्ल्याच्या धक्क्यालाच लागतात, माणसं तिथे उतरतात. त्यांपैकी एक धरा. दुकानातला पाऊण तास काढून किल्ल्यात घाला. एकूण दोन तास पुरतात. पहिल्या तासात वरचं टेकाड, दरवाजा, भट्ट्या. दुसऱ्यात ग्रँट टॉवरचा जिना. वर पोचलं की सरोवर दोन्ही दिशांना लांबवर पसरलेलं दिसतं, सदतीस किलोमीटर लांबीचं, आणि तेव्हा कळतं की इथे गड का हवा होता. ही सगळी दरी म्हणजे हायलँड्सला, स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागाला, तिरकी चिरत गेलेली वाट आहे. ज्याच्या हाती अर्कर्ट त्याच्या हाती वाट.

दरवाजाच्या बाजूला एक अंधारी कोठडी आहे. डोनाल्ड डॉन नावाचा कवी, जो गुरंही पळवायचा, त्याला मरणाआधी तिथे डांबलं होतं असं सांगतात. कवी आणि गुरेचोर, दोन्ही एकाच माणसात. तिथे आमचे हे दहा मिनिटं एकटेच उभे होते. मी काही विचारलं नाही.

आणि टूर मॅनेजर मंडळी, तुम्ही तरुण मुलं आहात, दिवसाला अठरा तास राबता, सत्तर वर्षांच्या माणसांची औषधं आणि जेवणाच्या आवडीनिवडी सांभाळता. माझा राग तुमच्यावर नाही. तुमच्या हातात जो कागद दिला जातो त्यावर किल्ल्यासाठी एक ओळ आणि नेसीसाठी अर्धं पान असतं. त्या कागदावर माझा रोख आहे. पुढच्या हंगामाची माहितीपत्रकं तुमच्या कचेऱ्यांत दिवाळीनंतर छापायला जातात, म्हणून हे पत्र आत्ता लिहितेय.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपली,
ग्रँट रोडला वाढलेली एक प्रवासी

ता. क. आत गेल्यावर सुरुवातीला किल्ल्याच्या इतिहासाची छोटी फिल्म दाखवतात. ती संपली की लगेच उठायला लावू नका. पडदा सरकतो आणि काचेपलीकडे खरा किल्ला समोर येतो. आमच्या वेळी पुढच्या रांगेतला एक गट दिवे लागायच्या आधीच बसकडे पळाला होता.